स्प्रिंगचा गाळा आणि आपलं भांडण

दादा,

तुझ्या तेराव्याला आलेला प्रत्येक माणूस मला एकच गोष्ट सांगत होता. "मनीषा, एवढी मोठी नोकरी सोडून भावाच्या धंद्याला हात दिलास. अशी बहीण मिळायला नशीब लागतं." मी हात जोडत होते. मान खाली घालत होते, आणि लोकांना वाटत होतं की दुःखाने घालतेय. वहिनी भिंतीला टेकून बसली होती. तिला सगळं माहीत होतं. तिने फक्त एकदा माझ्याकडे बघितलं आणि नजर काढून घेतली.

मी नोकरी सोडली नव्हती, मला काढलं होतं. आणि धंद्याला हात मी दिला नव्हता, तू मला बसायला जागा दिली होतीस. एवढं बोलायला कितीसा वेळ लागला असता? पण शेजारच्या बायका होत्या, सासरची माणसं होती, तुझी गिऱ्हाइकं होती. मी बोलले नाही. तुझ्या फोटोसमोर बसून मी तुझ्याच जिवावर मोठी झाले.

आपलं भांडण तसं जुनंच. दर रविवारी मी बदलापूरहून अंबरनाथला तुमच्याकडे यायचे, जेवणं व्हायची आणि सुपारी कातरता कातरता तू सुरुवात करायचास. "काय म्हणते तुझी कंपनी? या महिन्यात साहेब कोण आहे?" कारण माझा साहेब सारखा बदलायचा. कधी पुण्याचा, कधी जर्मनीतला, कधी मी ज्याला कधी पाहिलंच नाही असा. तुझ्या गाळ्यावर मात्र बाबा होते आणि बाबांनंतर तू. उल्हासनगरच्या त्या गल्लीत एका अंगाला जीन्स धुणारे, दुसऱ्या अंगाला फर्निचरवाले, आणि मध्ये आपला स्प्रिंगचा गाळा. तारेची भेंडोळी, तेलाचा वास, तापलेली भट्टी. "बोर्डावर आपलं आडनाव आहे मने," तू म्हणायचास. "माल खराब गेला तर लोक आडनावाने शिव्या घालतात. तुझ्या कंपनीत शिव्या कोणाला घालायच्या, तेच कळत नाही."

मी म्हणायचे, "म्हणूनच बरं आहे. तिथे काम बघतात, आडनाव नाही."

हे मी जरा जास्तच जोरात म्हणायचे. का, ते तुला कधी सांगितलं नाही.

मला कंपनीने तीन महिने जर्मनीला पाठवलं होतं ना, तेव्हा आम्हाला स्प्रिंग पुरवणाऱ्या एका घरच्या कारखान्यात मी गेले होते. छोटंसं गाव, चर्चच्या मागे कारखाना, वरच्या मजल्यावर घर. पाचवी पिढी. भिंतीवर पणजोबापासून सगळ्यांचे फोटो. मोठमोठ्या मोटार कंपन्यांची माणसं त्या कुटुंबासमोर अदबीने बसायची. मी तुला बोर्डाचा फोटो पाठवला. लगेच तुझा फोन आला. किती खूश होतास! "बघ! जर्मन माणूससुद्धा घरचाच धंदा करतो. आणि तू मला सांगतेस छोट्याचे दिवस संपले म्हणून."

मी म्हटलं, "दादा, बोर्डावर 'आणि पुत्र' लिहिलंय. पण खुर्चीत मुलगी बसलीय. भाऊ आहे तिला, तो शाळेत संगीत शिकवतो."

तू म्हणालास, "थंडी फार आहे का गं तिकडे? जेवलीस का?"

मीही विषय बदलला. थंडी फार होती म्हणून सांगितलं.

आमच्या कंपनीत आलेल्या जपानी पाहुण्यांनी सांगितलेली गोष्टही तुला आवडली होती. तिकडे म्हणे मुलगा धंद्याच्या लायक नसेल तर चांगला होतकरू माणूस शोधून त्याला जावई करतात, दत्तक घेतात, घराण्याचं नाव देतात. तू खो खो हसला होतास. "मग ती कंपनीच झाली की! माणूस निवडून आणायचा म्हणजे कंपनीच." त्या दिवशी गोपअंकल आले होते, आपल्या समोरच्या गाळ्यातले, झिपवाले सिंधी. ते म्हणाले, "साईं, हमारे में तो इंटरव्ह्यू पैदा होते ही हो जाता है." त्यांच्या घरात मुलगा जन्मला की ठरतं, हा लागोसच्या काकाकडे जाणार, तो हाँगकाँगच्या मामाकडे. कुठेही गेला तरी दुकान घरचं. मी विचारलं, "आणि मुली, अंकल?" ते मनापासून हसले. "मुलगी पण धंद्यातच जाते ना बेटा, दुसऱ्याच्या."

आपण तिघेही हसलो. आतून वहिनी चहा घेऊन आली, कप ठेवले आणि परत गेली. ती हसली नव्हती. हे मला आता आठवतंय, तेव्हा दिसलं होतं की नाही कोण जाणे.

माझं डिप्लोमाचं शेवटचं वर्ष होतं तेव्हा मी सुट्टीत गाळ्यावर जायचे. मला ते मशीन आवडायचं, दादा. सरळ तार आत जायची आणि वळून वळून बाहेर यायची. मी बाबांना म्हटलं होतं की निकालानंतर मी इथेच येते. ते हसून म्हणाले, "तुझं काय, तू आज इथे, उद्या सासरी. गाळा सुरेशलाच बघायचाय." तू तिथेच होतास, भट्टीपाशी. तू ऐकलंस की नाही, मला माहीत नाही. तुला तेव्हा खरं तर बँकेत लागायचं होतं. तुलाही कोणी विचारलं नाही. मग मी कंपनीत गेले. तिथे मुलाखत घेणाऱ्या बाईने मला फक्त एवढंच विचारलं की ड्रॉइंग वाचता येतं का. दादा, ते मला केवढं मोठं वाटलं होतं! त्या कंपनीची बाजू घेऊन मी पुढे आयुष्यभर तुझ्याशी भांडले, ते खरं म्हणजे बाबांशी भांडत होते. तू मधे सापडलास.

आणि त्याच कंपनीने मला स्क्रीनवर काढलं. सिंगापूरची कुणी बाई होती, आवाज गोड, समोरचं वाचून दाखवत होती. माझं नावसुद्धा तिने दोनदा वेगवेगळं उच्चारलं. कॉल संपायच्या आत माझा मेल बंद झाला.

मी तुला कळवलं नव्हतं. रविवारी आलेही नाही. तर तूच बदलापूरला आमच्या खरवईत आलास, आमच्या नव्या बिल्डिंगची लिफ्ट बंद होती, धापा टाकत वर आलास. मला वाटलं, आता ऐकवणार. इतक्या वर्षांचा हिशेब तुझ्या हातात आयता आला होता. तू पाणी प्यायलास, गॅलरीतून डोंगर बघितलास, म्हणालास, "उद्यापासून गाळ्यावर ये. हल्ली सगळे इंग्रजीत ईमेल मागतात, मला जमत नाही."

तुला चांगलं जमत होतं. वर्षानुवर्षं जमत होतं.

मी आले. तू तुझ्या टेबलाला लागून माझं टेबल लावलंस. मी ओळखीपाळखीच्यांना सांगितलं, कन्सल्टिंग करतेय. माझ्यासमोर कुणी तसं म्हणालं की तू मान हलवायचास, "हो हो, कन्सल्टंट आहे आमची." त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं. एकदा तरी म्हणायचं होतंस, बघ मने, कुठे गेली तुझी कंपनी. मी रडले असते, भांडले असते, फिट्टंफाट झाली असती. तू मला ती संधीच दिली नाहीस.

तुझ्यासारखं माणसांना सांभाळणं मी कुठल्याच कंपनीत पाहिलं नाही, हे खरं. मशीनवरच्या दत्तूची बायको सेंट्रल हॉस्पिटलात होती तेव्हा तू गाळा माझ्यावर टाकून दिवसभर तिथल्या बाकावर बसलास. पण आता तू नाहीस, तर हेही सांगते. तू चिडलास की सगळ्यांसमोर चिडायचास. सुट्टी द्यायची की नाही हे तुझ्या मूडवर. कंपनीत साहेबाविरुद्ध तक्रार करायला निदान एक दार असतं. तुझ्याविरुद्ध गाळ्यावरची पोरं कुठे जायची, माहीत आहे? वहिनीकडे. तुझ्या मागे घरी जाऊन तिला सांगायची, आणि दोन दिवसांनी तू आपणहून विरघळायचास. तुला वाटायचं तुझंच मन मोठं. मलाही तसंच वाटायचं.

घरी माल निवडून पिशव्या भरणं, लेबलं लावणं, हे सगळं वहिनी करायची. सई पोटात असल्यापासून. तू त्याला 'घरचं काम' म्हणायचास. मी 'वहिनी हातभार लावतात' म्हणायचे. जर्मनीत त्या बाईच्या केबिनमध्ये बसून मी दोन तास तिचं कौतुक ऐकलं, तिला प्रश्न विचारले, वहीत टिपून घेतले. वहिनीला मी कधी एक प्रश्न विचारला नाही.

बारवी धरणाकडची आपली ती सहल आठवते? गाळ्यावरची सगळी माणसं, बायका, पोरं. आदल्या दिवसापासून वहिनी कांदे चिरत होती. तिथे भाताच्या खाचरांच्या कडेला चूल मांडली, आणि तू नि मी दगडावर बसून भांडत होतो. मी सांगत होते, कंपनीच्या सहलीला रिसॉर्ट असतं, टी-शर्ट असतात. तू म्हणत होतास, तिथे कुणाच्या मुलाचं नाव कुणाला ठाऊक असतं का? वहिनी हात पुसत आली आणि तुला म्हणाली, "अहो, पुढच्या महिन्यात तुम्ही राजकोटला नवीन मशीन बघायला चाललात ना? मी येऊ का? मलाही बघायचंय."

तू म्हणालास, "तुला काय बघायचंय त्यात? उन्हात फिरावं लागतं."

मी हसले, दादा. मी म्हणाले, "वहिनी, त्यापेक्षा माथेरानला जा तुम्ही." ती म्हणाली, "हो, तेही खरं," आणि भात उतरवायला गेली.

आता तू गेल्यापासून ते हसणं माझ्या कानात आहे. बाबाही तसेच हसले होते. अगदी तसेच. प्रेमाने.

तू जायच्या आठवड्यात आपण दोघंच होतो गाळ्यावर. पोरं जेवायला गेली होती. तू चष्मा काढून पुसत होतास आणि अचानक म्हणालास, "मने, बाबांनी तेव्हा..." तेवढ्यात तारेचा टेम्पो आला. ड्रायव्हर हॉर्न वाजवत राहिला. तू उठून गेलास. परत आल्यावर मी विचारू शकले असते, काय म्हणत होतास. मी ईमेल लिहीत बसले. आणि तो ईमेल कसला होता, ते तुला सांगायचं राहिलं.

मला नोकरी लागली होती. कोरियन कंपनी, खूप मोठी, पहिलीपेक्षा मोठी. माझ्या वयाच्या बाईला घेतील असं वाटलंच नव्हतं. तो ईमेल होकाराचा होता. तुझ्या टेबलाला लावलेल्या टेबलावर बसून, तुझ्या पंख्याखाली, मी तो लिहिला आणि मला आनंद झाला. एवढा आनंद मला त्या गाळ्यावर कधीच झाला नव्हता. विशीत जी जागा मागितली होती, ती तू मला आयती दिलीस, आणि माझ्या लक्षात आलं की ती आता मला नको आहे. मला ते मोठं ऑफिस हवं होतं, अनोळखी माणसं हवी होती. शनिवारी सांगू म्हटलं. शुक्रवारी सकाळी वहिनीचा फोन आला, "लगेच ये," एवढंच म्हणाली.

सगळ्यांनी परस्पर ठरवूनच टाकलं होतं. गोपअंकल तेराव्याच्या पंगतीत म्हणाले, "अभी तो मनीषा ही बैठेगी गद्दी पे." काका म्हणाले, रक्ताचं माणूस आहे, इंजिनिअर आहे, प्रश्नच मिटला. सई तर बंगळूरला परत जायच्या गडबडीत होती. आतल्या खोलीत लॅपटॉप उघडून बसायची, रडून डोळे सुजलेले आणि कानाला हेडफोन. तिचा साहेब तिकडे अमेरिकेत. त्याने म्हणे फार सुंदर शब्दांत सांत्वन लिहिलं होतं आणि खाली विचारलं होतं की सोमवारी मीटिंगला येशील ना. ती म्हणाली, "आत्या, तू आहेस म्हणून मला गाळ्याची काळजी नाही."

सगळे पांगल्यावर मी स्वयंपाकघरात गेले. वहिनी ओट्याशी उभी होती. मी एका दमात सांगितलं, नोकरीचं, होकाराचं, सगळं. "वहिनी, मी गाळा नाही चालवू शकत. विकायचा असेल तर मी गिऱ्हाईक शोधायला मदत करीन. मला माफ करा."

ती वळली. "विकायचा?"

"मग कोण बघणार?"

दादा, ती जे बोलली ते तुलाही ऐकवायला हवं, म्हणून लिहितेय.

"तू आणि तुझा दादा," वहिनी म्हणाली. "दर रविवारी बाहेर बसून जगभरच्या धंद्यांचं बोलायचात. जर्मनी काय, जपान काय. छोटं चांगलं की मोठं चांगलं. मी इथे पोळ्या लाटत ऐकायचे. कधीतरी कोणी आत येईल आणि विचारेल असं वाटायचं. शैला, तुला काय वाटतं? नाही आलं कोणी."

मी ओट्याला टेकले.

"मला मशीन बघायचं होतं तर तू हसलीस," ती म्हणाली. "यांचं जाऊ दे. हे बाबांच्याच हाताखाली वाढलेले. पण तू? तुझ्या सासऱ्यांनी नव्हे, तुझ्या बापाने तुला नाही म्हटलं होतं. तुला कळायला हवं होतं."

"तुम्हाला माहीत होतं ते?"

"बाईला कळतं. कोणी सांगावं लागत नाही."

"दादाला माहीत होतं का, वहिनी?"

तिने ओट्यावरून फडकं फिरवलं. मग म्हणाली, "मला नाही माहीत. गाळ्याचं काही बोलायचेच नाहीत माझ्याशी." आणि तेव्हा ती रडली. तू गेल्यापासून पहिल्यांदा माझ्यासमोर रडली. मी तिला धरायला गेले तर तिने माझा हात बाजूला केला. मग थोड्या वेळाने स्वतःच धरला.

"मला बसायचंय तिथे," ती म्हणाली. "मला सगळं येत नाही. चुका होतील. बुडालं तर बुडेल. पण मला बसायचंय."

म्हणजे बघ दादा. तुला बसायचं नव्हतं, तर बसवलं. मला बसायचं होतं, तर बसू दिलं नाही. आणि जिला बसायचं होतं ती आपल्या दोघांना चहा देत होती. आपण कुठल्या कुठल्या देशांच्या गोष्टी केल्या! मला तुझ्याशी यावर भांडायचंय. पहिल्यांदाच असं भांडण सुचलंय ज्यात आपण दोघे एकाच बाजूला आहोत, चुकीच्या. आणि तू नाहीस. एकटीने लाज वाहून न्यायला फार जड जातं रे. अर्धी तुझी आहे.

तुझे आभार मानायचे राहिलेत. ते मानले की वाटतं मी सुटका करून घेतेय. तरी मानते. मला पडलेली पाहून तू जिना चढून आलास आणि एक शब्द बोलला नाहीस. तेवढी माया कुठल्या बोर्डाखाली मिळते, मला माहीत नाही. ती आडनावामुळे होती की तुझ्यामुळे, हेही नाही. मला वाटतं तुझ्यामुळे. तू बँकेत असतास तरी आला असतास.

सोमवारी आम्ही गाळा उघडला. वहिनी नेहमीच्या घरच्या साडीत आली होती, पायात चपलांऐवजी सईचे जुने बूट, कारण खाली तारेचे तुकडे असतात. दत्तू आणि पोरं दाराशी उभी. भट्टी पेटवायची की नाही, ते माझ्याकडे बघत होते. मी वहिनीकडे बघितलं. ती म्हणाली, "पेटवा." पेटवली.

तुझ्या खुर्चीत ती लगेच बसली नाही. गाळ्यात एक फेरी मारली. मशीनवर हात ठेवला, तेलाने माखलेला हात बघितला, आणि पदराला पुसायच्या आधी थांबली. दत्तूने चिंधी दिली.

मग टेबलावरचा फोन वाजला. नाशिकचे पंपवाले होते, तुझे जुने. त्यांना काहीच कळलेलं नव्हतं. आवाज मोठा असतो त्यांचा, लांबूनही ऐकू आलं, "सुरेशभाऊ आहेत का?" सवयीने सगळे माझ्याकडे वळले आणि सवयीने माझा हात पुढे गेला. वहिनीने आधीच उचलला होता.

इतक्या दिवसांत ते शब्द तिने तोंडातून काढले नव्हते. समाचाराला येणाऱ्यांसमोरही नाही, सईसमोरही नाही. तिने टेबलाची कड धरली.

"ते गेले," वहिनी म्हणाली. तिने श्वास घेतला, खुर्ची ओढली आणि बसली. "मी शैला बोलतेय. गाळा आता मी बघते. तुमचा माल कधी हवाय?"